तिन्ही घ्यावी लागतील

उषाताई खांबेट्यांकडे पुस्तक मागायला गेलेला माणूस एकच पुस्तक घेऊन परत आलाय, असं ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात कुणी पाहिलेलं नाही. तीन मिळायची. तुम्ही भुताचं मागा, तीन मिळणार. पोवाड्यांचं मागा, तरी तीन. काही न मागता नुसता चहा प्यायला गेलात तरी निघताना सुतळीने बांधलेली तीन पुस्तकं हातात पडायची. कुणी कुरकुर केली की त्या शांतपणे म्हणायच्या, "तिन्ही घ्यावी लागतील. नाहीतर ठेवा खाली."

कोणती तीन, हेही ठरलेलं. एक जुन्या ऐतिहासिक कवितेचं, म्हणजे पोवाडे, कटाव, लढायांवरची आख्यानं. दुसरं कॅथलिक साधुसंतांच्या चिंतनाचं. आणि तिसरं भुताखेतांचं, ज्याच्या मूळ मुखपृष्ठावर हमखास एक कवटी आणि एक पांढरी साडी असायची. ही मुखपृष्ठं मात्र कुणाला दिसायची नाहीत. शाळेतल्या सवयीने उषाताई सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायच्या आणि वर नाव लिहायच्या नाहीत. आत काय आहे ते उघडल्यावर कळेल, घाई कसली, असं त्यांचं म्हणणं.

मी मुरारच्या कॉन्व्हेंट शाळेत गणित शिकवते. त्या तिथेच हिंदी शिकवायच्या. कितीतरी वर्षं आम्ही दोघी एकाच टेंपोने जयेंद्रगंजहून मुरारला गेलो. टेंपोत त्यांचं वाचन चालायचं, आणि वाचनात कुणी व्यत्यय आणला तर त्याची धडगत नसायची. एकदा ड्रायव्हरने गाणं मोठ्याने लावलं होतं. उषाताई पुस्तकातून डोकं वर न काढता ओरडल्या, "भैया, गाना धीमे करो, यहाँ आदमी मर रहा है!" त्या बिचाऱ्याने असा काही ब्रेक मारला की समोरच्या बाईंच्या मांडीवरची भाजी माझ्या मांडीवर आली. तो घाबरून मागे वळून बघतोय, "कौन मर रहा है, मैडम?" उषाताईंनी त्याला पानावर बोट ठेवून दाखवलं. त्या दिवसापासून त्यांना बघितलं की तो गाणंच बंद करायचा.

तिन्ही प्रकारांची गाठ त्यांच्याशी पडली ती अगदी सहज. खांबेट्यांचे पूर्वज ग्वाल्हेरच्या दरबारात कारकुनी करायला मराठी मुलखातून इकडे आलेले. घरात पोवाड्यांची पुस्तकं होती, आणि पाहुणे आले की वडील लहान उषाला उभं करून म्हणायला लावायचे. मग शाळेत नोकरी लागली. तिथल्या ग्रंथालयात धार्मिक चिंतनाची कपाटंच्या कपाटं, आणि त्यांना हात लावणारं कुणी नाही. मोकळ्या तासाला करायचं काय, म्हणून यांनी लावला. भुतं भेटली ग्वाल्हेर स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर, मे महिन्यात भावाकडे जाताना. सुटली नाहीत ती नाहीतच.

त्यांची वाचायची रीत पक्क्या मास्तरणीची होती. हातात पेन्सिल असायचीच. भुताच्या पुस्तकात जिथे खरोखर भीती वाटली तिथे समासात बरोबरची खूण, आणि शेवटच्या पानावर भुताला गुण. 'दहापैकी तीन. दार आपोआप उघडणं आता पुरे.' 'दहापैकी सात. विहिरीतली बाई उत्तम, पण शेवटी तिला रडवायला नको होतं.' चिंतनाच्या पुस्तकात प्रश्नचिन्हं. एका जागी त्यांनी एका मोठ्या साधूला चक्क लिहिलं होतं, 'हे तुम्हाला जमलं का?' पोवाडा मात्र त्या बसून वाचायच्याच नाहीत. उठून, पदर खोचून, मोठ्याने. खाली राहणाऱ्या शर्माजींच्या घरी पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना वाटलं वर भांडण लागलंय. ते मध्यस्थी करायला जिना चढून आले होते. त्यांनाही तीन पुस्तकं मिळाली, हे सांगायला नकोच.

"पण तीन का हो?" मी एकदा विचारलं होतं. "ज्याला जे आवडतं ते द्या की."

"एकच वाचणारा माणूस स्वतःवर फार खूश होऊन जातो गं," त्या म्हणाल्या. "नुसते पोवाडे वाच, तुला वाटायला लागेल की तूच लढलीस. नुसतं चिंतन वाच, वाटेल आपल्यासारखं शुद्ध कुणी नाही. आणि नुसती भुतं वाचलीस तर कुणाच्या हातचा चहासुद्धा प्यायची नाहीस."

हे ऐकायला गंमतशीर वाटतं, पण त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. आमचीच एक जुनी विद्यार्थिनी, पूर्वा, कॉलेजात जायला लागल्यावर त्यांच्याकडे आली. "काकू, मला ना, वो सबसे डरावनी वाली दो. बाकी दोन राहू द्या, मेरे बस का नहीं है." काकूंनी सुतळी बांधली. महिन्याभराने पूर्वा परत आली ती जरा उतरलेल्या चेहऱ्याने. भुताचं आवडलं, एका दिवसात संपलं. पण दुसऱ्यात मत्सरावर एक प्रकरण होतं. "काकू, सच बताओ, हे माझ्यावरच लिहिलंय ना? माझी ती मैत्रीण आहे ना, तिची नोकरी लागली, आणि मी तिला अजून फोनसुद्धा नाही केला." उषाताईंनी उपदेश केला नाही. आपला मोबाईल तिच्यापुढे सरकवला आणि त्या पोहे करायला आत गेल्या.

शाळेतही तिन्हींची सरमिसळ चालायची. आमच्याकडे एप्रिलची दुपार म्हणजे बाहेर लूच्या झळा, आत पंख्याची गरम हवा. सहाव्या तासाला मुली बाकांवर अक्षरशः विरघळलेल्या असायच्या. शेजारच्या वर्गात मी समीकरणं सोडवत होते, ती माझी मलाच सुटत होती. उषाताईंच्या वर्गातून मात्र चिडीचूप शांतता. डोकावले तर सगळ्या मुली ताठ बसलेल्या. त्या सांगत होत्या की फार पूर्वी वाळवंटात एकटे राहणारे ख्रिस्ती साधू होते. त्यांना रात्रीच्या भुताची भीती वाटायची नाही, दुपारच्या भुताची वाटायची. हे भूत भर उन्हात येतं. दिसत नाही. कानाशी म्हणतं, बघ, सूर्य जागचा हलत नाहीये. हातातलं काम टाकून दे, दुसरीकडे जा, तिथे सगळं छान आहे. "और जो उसकी बात मान लेता है," उषाताई आवाज खाली आणत म्हणाल्या, "वो फिर कोई भी काम पूरा नहीं कर पाता." मुलींनी आपसूक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक किंचाळलीच. घड्याळ बंद पडलेलं होतं, आठवड्यापासून. पण त्या तासाला व्याकरणाचा सगळा धडा पुरा झाला. मी माझ्या वर्गात जाऊन तेच भूत आणायचा प्रयत्न केला, तर मुली म्हणाल्या, "मैम, आपसे नहीं होगा."

असं सगळं असताना अफवा उठणारच. कुणीतरी त्यांचं खाकी पुस्तक उघडलं, आत क्रूस पाहिला आणि आमच्या मराठी मंडळींत बातमी फिरली की खांबेट्यांची उषा बाटणार. लग्न केलेलं नाही, घरात विचारणारं कुणी नाही, मग काय. गंमत म्हणजे त्याच सुमारास आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिन यांनाही तशीच आशा वाटायला लागली होती. केरळच्या, मृदू स्वभावाच्या बाई. त्यांनी उषाताईंना ऑफिसात बोलावलं. मी तिथेच रजेचा अर्ज घेऊन उभी होते.

"उषाजी, आप इतना पढ़ती हैं. आपके मन में अगर कुछ चल रहा हो तो..."

"सिस्टर, मैं पड़ोसी के घर रोज़ चाय पीती हूँ," उषाताई म्हणाल्या. "इसका मतलब ये थोड़े ही है कि बिस्तर लेकर आ रही हूँ."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग उषाताईंनी त्यांनाही नियम लागू केला. सिस्टरना मराठी येत नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत उषाताई उभ्या राहून पोवाडा म्हणायच्या आणि कडवं संपलं की हिंदीत अर्थ सांगायच्या. पानिपतच्या एका पोवाड्यावर सिस्टर थबकल्या. "ये तो हार गए थे न? फिर गाते क्यों हैं?"

"जीतनेवालों को तो ज़मीन मिल गई, सिस्टर. हारनेवालों को और क्या मिलता?" उषाताई म्हणाल्या. सिस्टरनी डोळे मिटून घेतले आणि ते कडवं पुन्हा म्हणायला सांगितलं.

आता अण्णासाहेबांकडे यायला हवं. अण्णासाहेब आमच्या मराठी वाचनालयाचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून ग्वाल्हेरात आले, हे ते पहिल्या भेटीतच सांगतात. दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगतात. माणूस दिलदार, पण दर्जा या शब्दावर फार जीव. एका शिवजयंतीला त्यांना पोवाडा वाचायचा होता, म्हणून ते उषाताईंकडून पुस्तक घेऊन गेले. म्हणजे अर्थातच तीन. कार्यक्रमाच्या दिवशी डोक्यावर फेटा बांधून ते माइकसमोर आले, खाकी पुस्तक उघडलं, छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आणि तेवढ्यात... भिंतीच्या आतून... नखं घासल्याचा आवाज आला!"

वेगात होते, त्यामुळे त्यांनी पुढचं वाक्यही वाचून टाकलं. मग थांबले. सभागृहात कुणी हलेना. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "अण्णासाहेब, पुढे काय झालं? थांबू नका ना!"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. उषाताई माझ्याशेजारी बसलेल्या. त्या हसल्या नाहीत. "वाचतात छान," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. पण अण्णासाहेबांच्या ते मनाला लागलं. खांबेटेबाईंनी मुद्दाम फजिती केली, असं ते पुढे कित्येक दिवस सांगत फिरले.

मागच्या वर्षी उषाताईंचं घर गेलं. भाड्याच्या दोन खोल्या होत्या, मालकाच्या मुलांनी इमारत विकली आणि दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या ठरल्या. इंदूरला भाचा आहे, चांगला आहे. तो म्हणाला, "मावशी, तू ये. एक खोली तुझीच समज. पण पुस्तकं नको आणूस गं, ठेवणार कुठे?" उषाताई निवृत्त झालेल्या, गुडघे दुखायला लागलेले. जाणं भाग होतं. पण पुस्तकांचं काय?

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. पुस्तकांच्या मांडणीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. "माझं काय, मी कुठेही राहीन," त्या म्हणाल्या. "ही वेगळी नको व्हायला. वेगळी झाली की लोक आपापल्या आवडीचं नेतील आणि बाकीचं रद्दीत जाईल. मग मी इतकी वर्षं केलं काय?" मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

त्यांनी सगळी पुस्तकं वाचनालयाला द्यायची तयारी दाखवली. वाचनालयाच्या सभासदांची बैठक एका रविवारी दुपारी भरली. अण्णासाहेबांनी उभं राहून कमिटीचा निर्णय वाचला. ऐतिहासिक काव्य वाचनालय सन्मानाने स्वीकारेल. काचेचं नवं कपाट करेल, त्यावर उषाताईंचं नाव लावेल. "बाकीचं मात्र," अण्णासाहेब जरा घुटमळले, "धार्मिक पुस्तकं त्यांच्या शाळेला देता येतील. आणि ते तिसरं... आपल्या वाचनालयाचा एक दर्जा आहे."

टाळ्या सुरू झाल्या होत्या, तेवढ्यात उषाताई उठल्या.

"नावाचं कपाट नको मला," त्या म्हणाल्या. आवाज पोवाड्याचा नव्हता, रोजचाच होता. "तिन्ही एकत्र, एकाच फळीवर, मिसळून ठेवायची. मागायला येईल त्याला तिन्ही द्यायची. जमत असेल तर ठेवा, नाहीतर एकही नको. तुमचा दर्जा तुम्ही सांभाळा, माझी पुस्तकं मी सांभाळीन." आणि पर्स उचलून दाराकडे निघाल्या. मी मागोमाग उठले. पुस्तकं ठेवायला जागा नाही, दिवाळी तोंडावर आलेली, आणि ही बाई आपल्या नावाचं काचेचं कपाट लाथाडून चाललीय.

आम्ही दारापर्यंत पोचलो असू. बायकांच्या खुर्च्यांमधून अण्णासाहेबांच्या पत्नी, सुमनवहिनी, बोलल्या. त्या आदल्या वर्षी फार आजारी होत्या, महिनाभर हॉस्पिटलात. "अहो," त्या म्हणाल्या, "त्यांना हॉस्पिटलातलं सांगा ना."

अण्णासाहेब लाल झाले. "इथे कशाला ते?"

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग म्हणाले, "हिचं ऑपरेशन होतं. मी बाईंकडून पोवाड्याचं पुस्तक मागून नेलं. वाटलं, हिला ऐकवीन, जरा धीर येईल. बाईंनी तिन्ही दिली, जशी देतात. तिथे बसलो आणि पोवाडा काही वाचवेना. सगळ्या शूर माणसांच्या गोष्टी. मी तर दर पाच मिनिटांनी नर्सला विचारायला उठत होतो. डॉक्टर म्हणायचे कुछ नहीं होगा, मुलं म्हणायची कुछ नहीं होगा. मग मी ते भुताचं उघडलं." ते थांबले. "त्यातला माणूस घाबरला की सरळ म्हणत होता, मी घाबरलोय. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या हे कुणी म्हटलेलं नाही. मी ते हिला वाचून दाखवलं. आणि वाचता वाचता मी पण म्हटलं."

"मग मी पण म्हटलं," सुमनवहिनी म्हणाल्या. "त्यानंतर आम्हा दोघांना झोप लागली."

सभागृहात कुणाला वर बघायचं धाडस होत नव्हतं. पुष्कळ जणांनी डोळे पुसले, मीही पुसले. अण्णासाहेबांनी हातातला निर्णयाचा कागद चारपदरी घडी करून खिशात टाकला. "तिन्ही राहतील," ते म्हणाले. "एकाच फळीवर. कुणाचा विरोध असेल तर आत्ता बोला."

कुणी बोललं नाही. सगळे उषाताईंकडे बघत होते, आता त्या आभार मानतील, निदान दोन शब्द बोलतील म्हणून. उषाताई दारातूनच म्हणाल्या, "आणि मधलं?"

"मधलं म्हणजे?"

"चिंतनाचं. ते तुम्ही न उघडता परत केलंत. कव्हराची घडीसुद्धा मोडली नव्हती. मला काय कळत नाही?"

अण्णासाहेब वर्गात पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. "वाचतो," ते म्हणाले. "शपथ. या आठवड्यात वाचतो."

पुढचे दिवस पुस्तकं लावण्यात गेले. उषाताई खाली खुर्चीवर बसून हुकूम सोडायच्या आणि अण्णासाहेब शिडीवर. दोन पोवाडे शेजारी आले की त्यांना पुन्हा उतरवलं जायचं. "मिसळून, अण्णासाहेब, मिसळून! ही काय पलटण उभी करताय?" आमच्या शहरात शिकलेली माणसं खूप आहेत, मोठ्या घराण्यांची तर विचारू नका. पण एका बाईने आपल्या आवडीसाठी नाही, दुसऱ्यांनी नावडतंही वाचावं यासाठी इतकी वर्षं हट्ट धरला आणि शेवटी सगळ्यांना तो मान्य करायला लावला, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. त्या आमच्या होत्या, हे मी भेटेल त्याला सांगते.

त्या गेल्या तेव्हा स्टेशनवर आम्ही बरेच जण होतो. सिस्टर रोझलिन आल्या होत्या, पूर्वा रजा टाकून आली होती, अण्णासाहेब आणि सुमनवहिनी तिळाची गजक घेऊन आले होते. संध्याकाळची इंदूरची गाडी. सामान चढवलं, उषाताई खिडकीपाशी बसल्या. हातात पुस्तक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना प्रवासात असं रिकाम्या हाती मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला गलबलून आलं. काचेवर टकटक करून काहीतरी बोलावं म्हणून मी पुढे झाले.

आत त्यांच्यासमोर एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ बसले होते. त्यांनी हातातला मोबाईल पालथा घालून ठेवला होता आणि दोन्ही पाय वर, सीटवर ओढून घेतले होते. उषाताई पुढे वाकून हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. त्यांची बोटं हवेत, भिंतीवर नखं घासावी तशी सरकत होती. शेजारच्या दोन बायका तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. उषाताईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बघा," अण्णासाहेब म्हणाले, हात तसाच वर. "विसरली आपल्याला." आणि ते इतक्या अभिमानाने म्हणाले की सुमनवहिनी हसत हसत रडायला लागल्या.